सरदारचा हुजऱ्या

टक्.

दुपारची जेवणं उरकली की आमच्या घरात एक वेळ अशी यायची, की कुणी कुशीवर वळलं तरी ऐकू यावं. भांडी पालथी पडलेली, आत्ती आडव्या झालेल्या, गल्लीतली कुत्री सावलीला गेलेली. मी ओट्याला टेकून उभ्या उभ्याच पेंगत होते. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला. टक्.

"आई, सरदार परत आपटला," मैथिली म्हणाली. ती मधल्या खोलीत, स्वयंपाकघर आणि मागच्या शेडच्या दारांमधे, स्टुलावर गुडघे टेकून काचेच्या टाकीला गाल लावून बसली होती. "त्याचं नाक दुखत असेल."

"त्याला नाक कुठं आहे? नुसता टोपच आहे सगळा."

"आत असेल की."

आत असणारच. पण ते बाहेरून कुणाला दिसत नव्हतं. सरदार म्हणजे माझ्या सासऱ्यांचा ओरांडा जातीचा गोल्डफिश. या जातीच्या माशाच्या डोक्यावर मांसाची एक वाढ येते, सीताफळाच्या पाठीसारखी दाणेदार. आमच्या धंद्यात त्याला टोप म्हणतात. टोप जेवढा मोठा तेवढा मासा भारी. सरदारचा टोप इतका वाढला होता, की कपाळावरून उतरून गालांवर आला आणि दोन्ही डोळे त्यानं गिळून टाकले. लांबून बघितलं तर फ्लॉवरच्या गड्ड्याला शेपूट लावल्यासारखं दिसायचं. इचलकरंजीतले हौशी लोक ते बघायला मुद्दाम आमच्या घरी यायचे, चहा घ्यायचे आणि "काय रुबाब!" म्हणून जायचे. ते जाईपर्यंत सरदार हलायचा नाही. हलला की काचेला आपटायचा.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात, सासूबाईंना आत्ती. मामांचे पूर्वी घरामागच्या शेडमध्ये माग होते. ते एकेक करून बंद पडले, भंगारात गेले. मग त्या रिकाम्या शेडमध्ये मामांनी सिमेंटचे हौद बांधले आणि मासे पैदा करायला लागले. लोकांनी खुळ्यात काढलं. पण मामा चिवट. साड्यांचे काठ जुळवावेत तशा त्यांनी माशांच्या जोड्या जुळवल्या, आणि पिढ्यामागून पिढ्या टोप वाढवत वाढवत सरदारपर्यंत येऊन पोचले. "सातपुत्यांचं वाण" असं लोक म्हणायला लागले तेव्हा कुठं ते पुन्हा चौकात ताठ मानेनं चालायला लागले.

हे सगळं घडलं तेव्हा मैथिली साडेचार वर्षांची होती. आता ती सहावीत आहे आणि तिला यातलं फारसं आठवत नाही. मला आठवतं.

त्या दिवशी मी तिला मोरीच्या उंबऱ्यावर बसवलं आणि कपाळावरचे, डोळ्यांत जाणारे केस कात्रीनं सरळ रेषेत कापले. पापण्यांवर पडलेले बारीक केस फुंकरीनं उडवले. तिनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "आता सरदारचे काप."

"सरदारला केस नाहीत, बाळा."

"मग ते काप. डोळ्यांवरचं."

खरं सांगायचं तर त्यात वेडेपणाचं काहीच नव्हतं. पुण्याकडचे लोक टोप डोळ्यांवर आला की तेवढाच भाग कात्रीनं छाटतात, नीट केलं तर माशाला इजा होत नाही, असं मी ऐकलं होतं. संध्याकाळी चहा देताना मी मामांपाशी विषय काढून बघितला.

मामांनी कप खाली ठेवला. "कात्री? जित्या जिवाला?"

"डोळ्यांपुरतंच, मामा. वाळत चाललाय तो. खाणं दिसत नाही त्याला."

"देवानं दिलेल्या अंगाला कात्री लावायची म्हणतीस? पाप लागंल पाप!"

मैथिली बिस्कीट चहात बुडवत होती. "देवानं दिलं?"

"मग कुणी?"

"तुम्हीच काल त्या काकांना म्हणालात, मी वाढवला म्हणून."

आत्तींनी पदर तोंडाला लावला. मामांनी नातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि "बिस्कीट पडलं बघ तुझं चहात," एवढंच म्हणाले.

मामांचा हा पापाचा हिशेब मला कधी नीट समजला नाही. त्यांना अंडंसुद्धा चालत नाही. मुंगी दिसली तर वळसा घालून जातील. आणि दर रविवारी आमच्याकडं छाटणी असायची.

छाटणी म्हणजे वाढत्या पिल्लांतून ठेवायची कुठली आणि काढायची कुठली ते निवडणं. मामा पाटावर बसायचे, पुढं पांढरा टब, त्यात जाळीनं काढलेली पिल्लं. मामांच्या डोळ्यांना आता पिल्लाच्या डोक्यावरचा टोपाचा कोंब दिसायचा नाही. तो मला दिसायचा. माहेरी आम्ही बहिणी मागावरून उतरलेल्या कापडातला तुटका धागा शोधायचं काम करायचो, त्यामुळं नजर तयार होती. मी सांगायची, "याला कोंब आहे," मामा म्हणायचे, "राहू दे." मी म्हणायची, "याला नाही," मामा म्हणायचे, "जाऊ दे." जाऊ दे म्हटलेलं पिल्लू माझ्याजवळच्या बादलीत. शेडच्या मागं एका हौदात मामांनी मरळ पाळली होती, हातभर लांब, काळी, सदा भुकेली. बादली तिच्या हौदात रिकामी करायची ती मी. मामा तेवढ्या वेळात तोंड धुवायला जायचे.

"मी कुठं मारतोय?" एकदा त्यांनी आपणहून सांगितलं होतं, मी काही विचारलं नसताना. "मरळ खाती. तिचं अन्न हाय ते."

त्या रविवारी बादलीत एक चांगला मोठा नर गेला. केशरी अंग, एक पर पांढरा. सरदारच्याच घराण्यातला, म्हणून मामांनी त्याला बरेच महिने सवलत दिली होती. उशिरा फुटेल टोप, म्हणाले होते. टोप फुटला नाही. डोकं नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत राहिलं. सगळे त्याला बोडक्या म्हणायचे.

मी बादली उचलली तर मैथिलीनं कडी धरली. "हा नको. हा माझ्याकडं बघतोय."

"बघणारच की," मामा हसले. "त्याला डोळं हाईत."

"मग त्याला सरदारजवळ ठेवा. तो बघेल आणि सरदारला सांगेल."

मामा नाही म्हणणार होते. पण त्याच आठवड्यात सरदारचं पोट खपाटीला गेलं होतं, आणि मामांच्या मनाला ते लागलं होतं. त्यांनी मान डोलावली. मैथिलीनं दोन्ही हातांच्या ओंजळीत बोडक्याला उचलून, सगळा फ्रॉक भिजवून घेत, सरदारच्या टाकीत सोडलं.

आणि काय सांगू, ते जमलं. मी खाण्याचे दाणे टाकले की बोडक्या सुळकन वर यायचा. त्यानं पाणी हललं की सरदार त्या हेलकाव्याच्या मागं मागं यायचा आणि तोंड उघडून चाचपडायचा. अर्धं बोडक्या खायचा, अर्धं त्याला मिळायचं. पंधरवड्यात सरदार पुन्हा गरगरीत झाला. काचेला आपटणंही कमी झालं, कारण तो बोडक्याच्या शेपटीला धरूनच असायचा.

मामा खूश झाले. आल्यागेल्याला दाखवायला लागले. "सरदार म्हटल्यावर हुजऱ्या पाहिजेच की!"

थंडी ओसरल्यावर मामांनी सरदारसाठी मादी निवडली. टपोरी, लाल-पांढरी, बेताच्या टोपाची. आत्तींनी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. मामांनी टाकीत जुन्या मागांवरच्या नायलॉन सुताच्या लडी सोडल्या. मादी त्यांच्यावर अंडी घालते, ती तिथंच चिकटून राहतात.

मी विचारलं, "बोडक्याला बाजूला काढायचं ना, मामा?"

"कशाला? सरदारला खाणं कोण दाखवणार मग?"

"नाही, म्हणजे... तोही नरच आहे."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, त्याला कोण इचारतंय! बाईसाहेब ढुंकून तरी बघंल का त्याच्याकडं? एवढा टोपाचा राजा शेजारी असताना?" मग आत्तींना हाक मारली. "ऐकलंस का गं? सूनबाई म्हणतीया, हुजऱ्या नर हाय!"

आत्तीही हसल्या. मीही हसले थोडी.

दोन दिवसांनी सकाळी दूध तापवायला उठले तर टाकीत खळबळ चाललेली. मैथिली माझ्या मागोमाग पायांत घुटमळत आली. मी तिला कडेवर घेतलं आणि आम्ही मायलेकी बघत राहिलो. बाईसाहेब सुताच्या लडींमधून पळत होती आणि तिच्या पोटाला ढुशा देत, तिला वर-खाली ढकलत बोडक्या तिच्या मागं होता. त्याच्या गालांवर मोहरीहून बारीक पांढरे दाणे उठले होते. नराला हंगामात ते उठतात, हंगाम सरला की जातात. त्यासाठी कुणाला पिढ्या जुळवाव्या लागत नाहीत. लडींवर अंडी चिकटत होती, साबुदाण्यासारखी.

सरदार कोपऱ्यात होता, तोंड काचेकडं करून. पाणी चारी बाजूंनी ढवळलं जात होतं, त्यामुळं त्याला काही अंदाजच येत नसावा. तो एकदाही वळला नाही.

"आई, सरदार रुसलाय का?"

"नाही गं. त्याला काही कळलं नाही."

मामा अंघोळ करून, ओला पंचा खांद्यावर घेऊन आले. तोवर सगळं शांत झालं होतं. त्यांनी टाकीत वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग काचेवर हात ठेवला.

"सरदार! वाघ हाईस बघ तू."

"मामा," मी म्हटलं, "पण बोडक्याच तिच्या..."

"व्हय, त्यो बी दमलाय बिचारा. मदतीला होता."

मी पुढं बोलायला तोंड उघडलं. आत्तींनी माझा दंड दाबला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. "अनू, पेढे आणायला सांग सुदर्शनला," म्हणाल्या. माझ्याकडं बघायचं मात्र टाळलं.

संध्याकाळी मी नवऱ्याला, सुदर्शनला, सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. "तुला खात्री आहे?"

"डोळ्यांनी बघितलंय. मैथूनं पण."

"मग विसरून जा." त्यानं बूट कोपऱ्यात सरकवले. मामांना तो अण्णा म्हणतो. "माग विकल्यापासून अण्णांना असं हसताना बघितलंयस कधी? कुणाचं काय बिघडलं, सांग. माशांना तरी कुठं आडनाव लावायचंय?"

तेही खरंच होतं. सरदारच्या टाकीला झेंडूचा हार घातलेला होता. मी एक पेढा खाल्ला.

पिल्लं मात्र अशी निघाली, की शेडमध्ये कधी बघितली नव्हती. आधीची पिल्लं तळाशी सुस्त पडून असायची. ही नुसती वीज. जाळी घातली की सटकायची. उन्हाळा संपता संपता निम्म्यांच्या डोक्यावर टोपाचा कोंब धरला, सुबक, टाळूपुरताच. डोळे लख्ख उघडे. उरलेली निम्मी बापासारखी गुळगुळीत.

एका रविवारी, ऐन छाटणीच्या वेळी, बेळगावचे हुक्केरी शेठ आले. मोठे व्यापारी, चारपाच शहरांत माल जायचा त्यांचा. टबापाशी उकिडवे बसले आणि पिल्लं निरखत राहिले. मामा पाटावर चुळबुळत होते.

"मामा," शेवटी हुक्केरी म्हणाले, "खरं बोलू काय ओ? राग मानू नका. तुमचं मागचं माल गिऱ्हाइकाकडं जगत नव्हतं ओ. आंधळं मासं. घरी न्यायचं, चार दिवस कौतुक करायचं, आणि मग ते उपाशी मरतंय. पोरं रडत दुकानात येतात ओ माझ्या."

मामांचा चेहरा पडला.

"आणि हे बघा!" हुक्केरींनी टबात बोट घातलं. पिल्लं पांगली. "टोप बी हाय, डोळा बी हाय. पळतंय कसं घोड्यावानी! असलं माल सगळ्या बाजारात न्हाई ओ. ह्याचा बाप मला पायजे. मागाल ते देतो."

"सरदार?" मामा म्हणाले.

"सरदारच की! त्याच्याशिवाय कोण?"

मामा उठले आणि टाकीपाशी गेले. खूप वेळ उभे राहिले. सरदार दिव्याखाली तरंगत होता, बोडक्याच्या शेपटीशी. मामांच्या मनात काय चाललं होतं ते मला पाठमोऱ्या खांद्यांवरून दिसत होतं. जीव तुटत होता आणि छातीही फुगत होती.

"नाव सातपुत्यांचंच लागंल," ते म्हणाले.

"बोर्डावर लिहितो ओ! मोठ्या अक्षरात."

"मग न्या."

मामांनी जाळी घेतली. मग बोडक्याकडं बघितलं, जणू तो आत्ताच दिसला. "ह्या हुजऱ्याचं आता काय काम राहिलं? जाऊ दे." आणि सवयीनं माझ्याजवळच्या बादलीकडं हात केला.

सरदार बेळगावात एकटा पडणार, तिथं त्याला खाणं कोण दाखवणार? तो उपाशी मरणार. बोडक्या आत्ता, इथं, मागच्या हौदात. मी बोलले तर परक्या माणसासमोर मामांचा पार पाणउतारा होणार, आणि न बोलले तर हे दोन जीव जाणार. मी शब्द जुळवत होते. मैथिलीला जुळवावे लागले नाहीत.

"पण बाप तर बोडक्या आहे," ती म्हणाली.

हुक्केरींनी मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"काय म्हणाली ओ पोर?" हुक्केरींनी विचारलं.

"काय न्हाई. ल्हान हाय," मामा म्हणाले.

"नाही आजोबा, आम्ही बघितलं. मी आईच्या कडेवर होते. बोडक्या बाईसाहेबला ढकलत होता आणि सरदार भिंतीकडं तोंड करून रुसला होता. नाही, रुसला नव्हता. त्याला कळलंच नाही."

मामा माझ्याकडं वळले. "अनुजा?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"बोलले होते, मामा. तुम्ही म्हणालात, मदतीला होता."

हुक्केरी आधी गालातल्या गालात हसले. मग त्यांना आवरेना, मांडीवर थापा मारत हसले. "मदतीला! लई मदत केली ओ त्यानं!" डोळे पुसले आणि एकदम व्यापारी झाले. "बरं मग, तो बोडका द्या. मला काय, बाप पायजे."

"बोडक्या?" मामांनी जाळी छातीशी धरली. "माझ्या वाणाचा बाप म्हणून बोडक्या द्यायचा? चौकात काय तोंड दाखवू मी? एवढ्या वर्षांची मेहनत, आणि बाप कोण, तर बादलीतला!"

"चौकाला सांगतंय कोण ओ?" हुक्केरींनी त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं. "मी काय म्हणतो, ऐका. दोघं बी ऱ्हाऊ देत तुमच्याकडंच. पिल्लं तेवढी मला द्या. सरदार वाण म्हणून विकतो. फोटो सरदारचा, काम बोडक्याचं. सगळीकडं असंच चालतंय ओ!"

मामांचे खांदे सैल झाले. मला वाटलं, सुटलो.

"बोडक्या शेडातल्या हौदात टाकतो," ते म्हणाले, "माद्यांच्यात. कामाचा हाय म्हटल्यावर तिथंच ऱ्हाऊ दे. सरदार हितं, पुढं, दिव्याखाली."

"मग सरदारला खाणं कोण दाखवणार?" मैथिलीनं विचारलं.

मामांनी जाळी बाजूला ठेवली.

"मामा," मी म्हटलं, "मग निदान आता तरी कात्री लावू या. डोळ्यांपुरती."

"खुळी का काय तू? फोटो टोपाचा काढायचा, आणि टोपच कापू?" या वेळी पाप मधे आलं नाही.

मी बादली खाली ठेवली. जोरात ठेवली नाही, पण शेडमध्ये ती वाजलीच.

"मग छाटणीला दुसरं कुणीतरी बघा."

दारात आत्ती आल्या होत्या. त्यांनी "अगं अनू!" म्हटलं आणि हात कपाळाला लावला. सुनेनं असं बोलायची आमच्या घरात रीत नाही. माझेच कान तापले होते. मामा टबाकडं बघत होते. त्या पिल्लांतून टोपाचा कोंब निवडणं त्यांच्या डोळ्यांना जमणार नव्हतं. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि हुक्केरी शेठनाही आता कळलं.

"मामा, ऐका सूनबाईंचं," हुक्केरी म्हणाले. "त्यांचं डोळं हाईत म्हणून तुमचं माल हाय ओ."

"काय पायजे तुला?" मामांनी मला विचारलं. मला वाटतं, त्यांनी मला काही विचारलं असं ते पहिल्यांदाच.

"बोडक्या सरदारजवळच राहील. काम असेल त्या सकाळी काढायचा, दुपारी परत आणून सोडायचा."

"बरं."

"आणि बादलीत जायचा नाही. कधीच. म्हातारा झाला तरी."

"बरं म्हटलं की!"

मैथिलीनं माझ्या साडीत तोंड खुपसून कंबरेला मिठी मारली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. जिंकल्यासारखं वाटत होतं. मग मामा म्हणाले, "चल, उरलंय तेवढं उरकू," आणि मी पुन्हा टबापाशी बसले. याला आहे. राहू दे. याला नाही. जाऊ दे. हुक्केरी शेठ एकेक पिल्लू बघून मान डोलावत होते.

बादली भरली. सगळी बोडकीच, एकेकाचा एक पर पांढरा. मैथिलीला मी आत्तींबरोबर घरात पाठवलं आणि मागच्या हौदावर गेले. परत आले तेव्हा मामा तोंड धूत होते. हुक्केरी शेठही त्यांच्याशेजारी उभे राहून तोंड धूत होते.

बोर्डासाठी फोटो काढायला गुरुवारचा दिवस ठरला. हुक्केरींनी बेळगावहून फोटोग्राफर पाठवला आणि त्याच्याबरोबर मामांसाठी एक जरीचा फेटा. मालकही रुबाबात पाहिजे, असा निरोप होता. बोडक्याला फोटोपुरतं एका पातेल्यात काढून ठेवलं होतं, ओट्यावर, झाकण घालून. सरदारची टाकी घासूनपुसून लख्ख केली होती. शेजारच्या खुर्चीवर मामा बसले, पांढरं धोतर, कोट, मांडीवर मैथिली, डोक्यावर तो फेटा.

फेटा मोठा होत होता. आत्तींनी दोनदा मागून चिमटा लावला, तरी तो हळूहळू उतरायचा, आधी कपाळावर, मग भुवयांवर.

"मामा, जरा वर घ्या," फोटोग्राफर म्हणाला. "डोळे झाकलेत तुमचे."

"ऱ्हाऊ दे. रुबाब दिसतोय का?"

"रुबाब दिसतोय, पण..."

"मग काढ."

मामांनी हनुवटी उचलली आणि जिथं कॅमेरा असेल असं त्यांना वाटलं तिकडं, थोडं डावीकडं, हसून बघितलं. सरदार दिव्याखाली स्थिर होता. फोटोग्राफरनं हात वर केला. मैथिलीनं सरदारकडं बघितलं, मग मान वर करून आजोबांकडं, आणि मग कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या माझ्याकडं.

"आई," ती म्हणाली, "सरदारला माहीत आहे का, की त्याला दिसत नाही?"